दहा महिन्यांत तीन क्लच केबल: नेमकं बघायचं कुठे?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो. कुठे चुकीचं समजलो असेन तर इथंच लक्षात येईल.

गाडी २०१२ ची, पेट्रोल, लहान हॅचबॅक, केबलचा क्लच. बारा वर्षांत एकदाच केबल बदलली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्याच्या कारेलीबागेत शिरलं तेव्हा गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरल्यावर इंजिन चालू झालं, पण गिअर पडेना. सप्टेंबरात गिअरबॉक्स उतरवून क्लचचा अख्खा सेट (प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग) बदलला. मग डिसेंबरात केबल तुटली, मार्चमध्ये दुसरी, जूनअखेर तिसरी. आता चौथी कडक व्हायला लागलीय. गेल्या आठवड्यात पावागडला जाताना माचीच्या चढावर जळका वासही आला. मेकॅनिक दर वेळी म्हणतो, "बेन, तमे क्लच पर पग राखीने चलावो छो." आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ टाकलीय: सकाळी सेल्फ जरा जड फिरतो, पण बॅटरी जुनी आहे म्हणून असेल.

मला विचाराल तर तुमच्या सगळ्या मजकुरातली कामाची ओळ तीच आहे. पण तिथे येतो सावकाश.

आधी तुमच्या पायाचा विषय संपवू. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय वाईटच. त्यानं प्लेट झिजते, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कुरकुरायला लागतं. पण बऱ्यापैकी प्रतीची नवी केबल रोज मांडवी-न्यायमंदिरच्या गर्दीत चालवली तरी तीन महिन्यांत तुटत नाही. शिवाय बारा वर्षांत एक केबल आणि दहा महिन्यांत तीन, हा हिशेब तुमचाच आहे. पाय तर तेच आहेत ना? बाई चालवते म्हटलं की आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांचं निदान बॉनेट उघडायच्या आधीच तयार असतं. मला त्याची लाज वाटते, पण आहे ते असं आहे.

मी मकरपुऱ्यात गॅरेज चालवतो, आता तिसाव्या वर्षात आहे. पोरांना एक सवय मी पहिल्या महिन्यातच लावतो: गिऱ्हाईक बिघाड सांगायला लागलं की आधी तारखा विचारा. काय कधी झालं, त्याच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता, कशासाठी. तुमच्या तारखा लावून बघा. पूर, मग गिअरबॉक्स उतरवला, मग केबल तुटायला लागल्या. त्याआधी नाही. म्हणजे शोधायचं ते या दोन गोष्टींनी गाडीत काय बदललं ते. केबल बिचारी मार खाणारी आहे, मारणारा दुसरा कोणीतरी आहे.

असा मारणारा मी पहिल्यांदा पाहिला तो २००९ च्या आसपास. एका डॉक्टरांची लहान गाडी होती. क्लच प्लेट आम्हीच बदलली होती. दीड महिन्यात केबल गेली. बदलली. दोन महिन्यांत परत. तिसऱ्या वेळी मी केबल बनवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली, दुकान बदललं, महागातली आणली. तीही कडक झाली. डॉक्टर मधूनमधून म्हणायचे की सेल्फ दमल्यासारखा फिरतो. आम्ही बॅटरी चार्ज करून द्यायचो.

शेवटी एका संध्याकाळी बॉनेट उघडं ठेवून पोराला सेल्फ मारायला सांगितलं आणि केबलला कुठे ताण येतोय ते बघायला तिच्यावर हात ठेवला. चटका बसला. सायलेन्सरचा पाइप तिथून हातभर लांब, इंजिन थंडगार, तरी चटका. परत सेल्फ मारायला लावला, या वेळी नुसता बघत उभा राहिलो. गिअरबॉक्सकडच्या टोकाला, जिथे आतली वायर रबरी टोपीतून बाहेर येते, तिथून धुराची बारीक रेघ वर आली. बॅटरी काढली, बॅटरीचा ट्रे काढला. खाली गिअरबॉक्सच्या कडेला काळी अर्थची वायर (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी) लोंबत होती. टोकाचा लग, म्हणजे बोल्टनं आवळायचं धातूचं कडं, मोकळा, बोल्टचा पत्ता नाही. गिअरबॉक्स परत चढवताना तो बोल्ट आमच्याच पोराकडून लावायचा राहिला होता, आणि काम पास केलं होतं मी. डॉक्टरांना तिन्ही केबलचे पैसे परत दिले. त्या दिवसापासून आमच्याकडे गिअरबॉक्स चढला की अर्थचा बोल्ट मी स्वतः पान्यानं बघतो.

आता हे होतं कसं ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या फाउंडेशनवर बसलेले असतात, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं वेगळे. सेल्फ फिरताना लहान पेट्रोल गाडीतही शंभराच्या वर अँपिअर करंट खेचतो. तो बॅटरीच्या प्लसकडून जाड वायरीनं सेल्फमध्ये येतो आणि इंजिनाच्या लोखंडातून, अर्थच्या वायरीनं, मायनसकडे परत जातो. ही परतीची वाट तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं लोखंड दुसरं काय असतं? क्लचची केबल. एक टोक पेडलला, म्हणजे बॉडीला (आणि बॉडीपासून मायनसला दुसरी वायर असते), दुसरं गिअरबॉक्सच्या लिव्हरला. काही गाड्यांत ऍक्सिलरेटरची केबल आणि गिअरच्या केबलही असतात. शंभर अँपिअरसाठी बोटाएवढी जाड वायर दिलेली असते, ते काम ही सुतळीएवढी तार करायला लागते. दर वेळी दोन-तीन सेकंद तापते. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ होतं, तारेला चिकटतं, केबल कडक होते. मग तुम्ही जोर लावता, तार अस्तराला घासते, एकेक धागा तुटत जातो आणि एक दिवस पेडल जमिनीला टेकतं.

केबल पूर्ण तुटायच्या आधीचा टप्पा तुमच्या माचीच्या वासाशी जोडून बघा. चिकटलेली केबल दाबताना कडक लागते तशी सोडतानाही पूर्ण परत येत नाही. तुम्ही पाय काढलेला असतो, पण क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही, आणि आपलं बडोदं म्हणजे ताटासारखं. चढ म्हणून काय ते फ्लायओव्हर. माचीचा घाट लागला की इंजिनावर भार येतो, प्लेट घसरते, वास येतो. म्हणून तो वास प्लेट गेल्याचाच पुरावा समजू नका. गेली असेलही, पण ते केबल नीट झाल्यावर ठरवायचं. नाहीतर मेकॅनिक परत गिअरबॉक्स उतरवेल, परत नवीन सेट, आणि अर्थ तिथेच.

आता तपासायचं कसं. हे तुम्ही घरी करू शकता, फक्त एक माणूस मदतीला आणि एक साधा मल्टिमीटर हवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, कुठला ते फ्यूजच्या झाकणावर असतं. मीटर डीसी २० व्होल्टवर. मीटरची एक काडी (प्रोब) बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नको, कारण क्लॅम्पच खराब असला तर ते दिसणार नाही. दुसरी काडी इंजिनावर किंवा गिअरबॉक्सवर, कुठल्या तरी उघड्या धातूवर. मग सेल्फ तीन सेकंद. आकडा ०.२ च्या आसपास असेल तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेला तर गडबड आहे. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर तुमचा गुन्हेगार सापडला.

मीटर नसेल तर जंपर केबल शेजाऱ्याकडे असतेच. तिची काळी वायर एका टोकानं बॅटरीच्या मायनसला, दुसऱ्या टोकानं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. सकाळचा जडपणा एकदम गेला, सेल्फ टणटणीत फिरला, तर बॅटरी जुनी असली तरी दोष तिचा नाही. लावताना टोक प्लसच्या जवळपास फिरकू देऊ नका, आणि गळ्यातली साखळी, हातातली बांगडी आधी काढून ठेवा. हे मी उगीच सांगत नाही. माझ्या डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा डाग अजून आहे.

अर्थ खराब निघाला तर इलाज स्वस्त. तुमच्या गाडीत पुरानंतर वायरीचा लग आतून हिरवट पडून पोकळ झालेला असेल. बाहेरून इन्सुलेशन चांगलं दिसतं, वायर वाकवली की आत भुगा वाजतो. किंवा सप्टेंबरात गिअरबॉक्स चढवताना लग गंजावर नाहीतर रंगावरच आवळला असेल. किंवा डॉक्टरांच्या गाडीसारखं, बोल्टच नसेल. मेकॅनिकला सांगा, लगाखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करून, नवी जाड वायर लावून, वरून थोडं ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावून दे. बॅटरीपासून बॉडीला जाणारी दुसरी वायरही त्याच वेळी बघायची. वायरींची जागा आणि संख्या गाडीगणिक वेगळी असते, म्हणून मी इथून "अमुक ठिकाणी बघा" असं छातीठोक सांगत नाही.

आणि अर्थ चांगला निघाला तर? मग माझा दुसरा संशयित पुराचा आहे. गिअरबॉक्सच्या बेलमध्ये, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचात, क्लच दाबणारा शाफ्ट असतो, तो बुशांत फिरतो. बेल काही पाण्यापासून बंद नसते. खालच्या भोकातून पाणी आत जातं आणि गाळ ठेवून बाहेर येतं. शाफ्ट गंजला की लिव्हर जड होते आणि तो सगळा भार केबलवर. प्लेटचा सेट बदलताना बरेच जण शाफ्ट बाहेर काढतच नाहीत, कारण सेटच्या डब्यात तो येत नाही. तपासणी सोपी: केबल गिअरबॉक्सकडून सोडा आणि लिव्हर हातानं हलवा. थोडी ढिली फिरून मग ती एकदम घट्ट लागली पाहिजे (तिथे बेअरिंग डायफ्रामला, म्हणजे क्लचच्या स्प्रिंगला टेकतं) आणि सोडल्यावर हलकी परत आली पाहिजे. ढिल्या टप्प्यातच ती करकरत असेल, वाळू असल्यासारखी लागत असेल, मध्येच अडकत असेल, तर शाफ्ट आणि बुश. यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवायला लागतो, त्याला इलाज नाही. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात. पुराच्या गाड्यांत मी ते पाहिलंय, म्हणून एक सापडला की शोध थांबवू नका.

तुटलेल्या केबल तुमच्याकडे आहेत का? असतील तर त्या हजार रुपयांच्या तपासणीच्या तोडीच्या आहेत. तुटल्या जागी धागे केसांसारखे विस्कटलेले, वेगवेगळ्या लांबीचे असतील तर घासून-वाकून तुटलीय. तशी तूट पेडलकडच्या टोकाला असेल तर पेडलचा हुक किंवा बुश बघायचा, लिव्हरकडे असेल तर लिव्हर. धाग्यांची टोकं काळी-निळी, किंवा टोकाला बारीक मण्यासारखा गोळा असेल तर तिथे वीज गेलीय, यात वाद नाही. मधोमध तुटली असेल आणि बाहेरचं कव्हर एका बाजूनं वितळलेलं असेल तर केबल चुकीच्या वाटेनं नेलीय, सायलेन्सरला लागतेय. आणि आतली तार ओढून बघा. चांगल्या केबलमध्ये अस्तर असतं, तार सरसर सरकते. स्वस्तातल्या डुप्लिकेटमध्ये काही वेळा अस्तरच नसतं, लोखंडावर लोखंड. तिन्ही केबल तशाच एका दुकानातून आलेल्या असतील तर माझी वरची सगळी विद्वत्ता बाजूला ठेवून आधी ओरिजिनल केबल टाका. पण मग सेल्फ जड का, याचं उत्तर राहतंच.

सप्टेंबरच्या कामाबद्दल तुम्ही विचारलं होतं की सेट बदलायची गरज होती का. सांगणं अवघड आहे. चार दिवस पाण्यात राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटते. क्लच दाबला की प्रेशर प्लेट उचलते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, चिकटलेली प्लेट तेवढ्यानं सुटत नाही, म्हणून गिअर पडत नाही. २०१९ च्या जुलैअखेरच्या पावसात आणि २०२४ च्या पुरात अशा कित्येक गाड्या आमच्याकडे टोचन करून आल्या. त्यातल्या बऱ्याच आम्ही गिअरबॉक्स न उतरवता सोडवल्या: मोकळं मैदान, इंजिन आधी गरम करून बंद, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, त्यातच सेल्फ. गाडी उड्या मारत निघते, मग ऍक्सिलरेटर एकदा दे, एकदा सोड, मध्ये ब्रेक, की एक "टप्प" आवाज येतो आणि प्लेट सुटते. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं काम नाही, तुम्ही तर करूच नका. आणि कधी अशात प्लेटचं अस्तरच उखडतं. शिवाय रिलीज बेअरिंगचं ग्रीस पाण्यानं धुऊन जातं, ते पुढे वाजतंच. तेव्हा सेट बदलला त्यात मी तुमच्या मेकॅनिकला नावं ठेवणार नाही. त्यानं शाफ्ट बघितला का आणि अर्थ आवळला का, एवढंच माझं विचारणं आहे.

केबल नीट झाल्यावर प्लेटचं काय ते ठरवायला दोन चाचण्या. पहिली घसरण्याची: सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक घट्ट, इंजिन चालू, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन घुटमळून बंद पडलं तर प्लेट पकडतेय. निवांत चालत राहिलं तर प्लेट गेली. ही एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलीत तर चांगली प्लेटही जाळाल. दुसरी, क्लच पूर्ण सुटतोय का याची: इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून मनात पाच आकडे मोजा, मग रिव्हर्स टाका. बहुतेक लहान गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रचना) नसतो, त्यामुळे क्लच थोडा जरी अडकत असेल तरी तो करकरून सांगतो. आवाज न होता पडला तर काळजी नाही.

पहिलीत प्लेट घसरली तर लगेच सेट घेऊ नका. आधी पेडलची ढिलाई बघा, म्हणजे क्लच दाबायला लागण्याआधी पेडल जेवढं मोकळं जातं ते अंतर. केबलवाल्या गाड्यांत ती साधारण १० ते २५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल. चार वेळा केबल बदलताना कोणीतरी नट जास्त आवळला असेल आणि ढिलाई शून्य झाली असेल, तर प्लेट कायम अर्धी दाबलेली. पाच मिनिटांचं काम. ढिलाई बरोबर असूनही घसरत असेल तरच गिअरबॉक्स उतरवा, आणि उतरवला की जुनी प्लेट हातात घेऊन तिचा वास घ्या. जळक्या वासाखाली उग्र, गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल गळतंय, गिअरबॉक्सचं सील. नुसतं काळं, पातळ तेल असेल तर इंजिनाचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील. सील न बदलता प्लेट टाकली तर सहा महिन्यांनी तुम्ही मला परत हेच विचाराल.

तेव्हा क्रम असा ठेवा: उद्या सकाळी, गाडी रात्रभर थंड असताना, मल्टिमीटरची चाचणी. मग केबल सोडून लिव्हर हातानं. मग जे सापडेल ते दुरुस्त करून ओरिजिनल केबल आणि ढिलाई. प्लेटचा निकाल सगळ्यात शेवटी. चौथी केबल कडक असताना अर्थ तपासण्याआधी पाचवी घेऊ नका. तोवर सेल्फ लांबवर मारत बसू नका. एका झटक्यात चालू झाली नाही तर थांबून परत.

मेकॅनिक बदलायची गरज मला दिसत नाही. त्याला हे भांडून सांगू नका, नाहीतर तो ऐकणार नाही. "गिअरबॉक्सवरचा अर्थचा बोल्ट माझ्यासमोर सोडून, घासून परत लावून द्या" एवढंच सांगा आणि शेजारी उभ्या राहा. ट्रे काढल्यावर खाली काय दिसलं त्याचा आणि जुन्या केबलच्या तुटलेल्या टोकाचा फोटो पाठवा. मीटरचा आकडाही लिहा. मग पुढचं सांगतो.